खोबरेल लावलेले केस

शनिवारी सुट्टी होती म्हणून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीत सजावटीच्या सामानाच्या दुकानात गेले. म्हटलं, मखराला लावतात त्या चंदेरी झिरमिळ्या द्या, अगदी बारीक, केसाएवढ्या. दुकानदार म्हणाले, "ताई, गणपती तर गेले. आता कंदील घ्या." मी म्हटलं, कंदील नको, झिरमिळ्याच हव्यात. त्यांनी वरच्या फळीवरून तीन गड्ड्या काढल्या. कुठली चालेल ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून पिशवीतून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि घोंगडीचा तुकडा काढला, पाइप घोंगडीवर घासला आणि झिरमिळी त्याच्यावर तरंगते का ते तिथेच करून पाहिलं. बाहेर ऑक्टोबरचा दमट उकाडा होता, पण दुकानात एसी होता, त्यामुळे जमलं. पहिल्या दोन गड्ड्यांतल्या पट्ट्या रुंद निघाल्या, जड होऊन खाली पडल्या. तिसऱ्या गड्डीतली मात्र पाइपच्या वर वीतभर उंचीवर तरंगत राहिली. दुकानातला कामाचा मुलगा हातातला खोका तसाच धरून बघत उभा होता. मालकांनी गल्ल्यावरून उठून विचारलं, "ह्याला सेल कुठं असतो?"

चार गड्ड्या घेतल्या. सहलींचा मोसम निघेल.

मी विज्ञान केंद्रात शिक्षण सहायक आहे. आधी चार वर्षं कंत्राटी एक्सप्लेनर होते, म्हणजे गॅलरीत उभं राहून येणाऱ्यांना समजावून सांगणारी. घरी अजूनही 'म्युझियममध्ये आहे' असंच सांगतात. आमच्या गावाकडच्या लोकांना म्युझियम म्हटलं की तलवारी आणि नाणी डोळ्यांसमोर येतात, काचेच्या पेटीत ठेवलेली. आमच्याकडे काच जवळजवळ नाहीच. सगळं हाताळण्यासाठीच ठेवलेलं असतं आणि म्हणूनच ते रोज थोडं थोडं मोडतं.

सकाळी दार उघडायच्या आधी मी पूर्ण मजल्यावर एक फेरी मारते. आरशांवरची बोटं पुसायची. हवेच्या झोतावर चेंडू तरंगतो तिथला चेंडू जागेवर आहे का बघायचं, कारण तो खिशात जातो. फिरत्या खुर्चीचं बेअरिंग कुरकुरतंय का ते ऐकायचं. हॉलच्या दोन टोकांना समोरासमोर दोन मोठ्या तबकड्या आहेत. एकीकडे कुजबुजलं की दुसरीकडे स्वच्छ ऐकू येतं. तिथे मी रोज एका बाजूला मोबाईलवर रेडिओ लावून ठेवते आणि दुसरीकडे जाऊन ऐकते. जे बिघडलं असेल ते वहीत लिहून वर्कशॉपमधल्या काकांकडे द्यायचं. काका म्हणतात, 'बंद आहे'ची पाटी जास्तीत जास्त दोन दिवस राहिली पाहिजे. मला तर एक दिवसही जास्त वाटतो. सांगलीहून, बीडहून रात्रभर प्रवास करून आलेलं पोरगं ती पाटी वाचतं आणि पुढे जातं, आणि ते परत यायची शक्यता जवळजवळ नसते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सहलींचे महिने. एसटी भल्या पहाटे येऊन रस्त्याला लागलेल्या असतात. पोरं झोपेत असतात, निम्म्यांना गाडी लागलेली असते. मी नवीन एक्सप्लेनरना पहिली गोष्ट ही सांगते की पोरं आत आली की आधी स्वच्छतागृह आणि पाणी दाखवायचं, न्यूटन नंतर. मुलींची रांग मोठी असते, बाई पुढच्या गाडीत असतात आणि सर घड्याळ बघत असतात. ही वीस मिनिटं दिली नाहीत तर पुढच्या दोन तासांत त्या मुलींच्या डोक्यात काहीही शिरत नाही. कुणी स्पष्ट सांगत नाही, आपणच ओळखायचं.

मग अर्धा दिवस आवाज. दुहेरी शंकू उतार सोडून चढावर गडगडत जातो तिथे हमखास कुणीतरी वाकून खाली मोटर शोधतं. (शंकू खरं तर खालीच येत असतो. रुळांमधलं अंतर वाढत जातं, त्यामुळे त्याचा मध्य खाली उतरतो. पट्टी लावून मोजायला दिलं की पोरांना पटतं, नुसतं सांगून कधी पटत नाही.) "मॅडम, हे कितीला मिळतं?" "आत कोण बसलंय?" "मेलं का कुणी ह्यात?" पालक बरोबर असले की त्यांचं सतत चालू असतं, "हात लावू नकोस, मोडेल." मी मागे उभी राहून म्हणते, लावू दे, मोडलं तर आम्ही दुरुस्त करतो.

आणि मग सगळे ज्याची वाट बघत असतात तो डेमो. व्हॅन डी ग्राफ जनित्र. ज्याला हात लावला की डोक्यावरचे केस उभे राहतात ते.

खालच्या डब्यात मोटर, तिच्यावर रबराचा पट्टा. पट्टा खालच्या आणि वरच्या रुळावरून सतत फिरतो. रुळांशेजारी फणीसारखी धातूची टोकं असतात. खालच्या फणीतून पट्ट्यावर विद्युतभार चढतो, वर जाऊन दुसऱ्या फणीतून गोल पोकळ घुमटावर उतरतो आणि तिथे साठत जातो. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी याचा पहिला नमुना 1929 साली प्रिन्स्टनला केला. पुढे त्यांनी अणूंच्या प्रयोगांसाठी एक अवाढव्य यंत्र बांधलं, ते आज बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयात आहे आणि तिथेही पोरांसमोर ठिणग्या पाडतं. आमचं टेबलावर मावणारं आहे. तरी लाखभर व्होल्टच्या घरात जातं.

लाख म्हटलं की पोरं मागे सरकतात. इथे मी थांबते, कारण हे नीट सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही असा माझा नियम आहे. घरातल्या प्लगमध्ये 230 व्होल्टच असतात, पण त्याच्या मागे अख्खं वीजकेंद्र उभं असतं, ते वीज पुरवतच राहतं आणि माणूस मरतो. इथे घुमटावर जेवढा भार साठलाय तेवढाच, अगदी थोडा. एकदा चटका बसला की संपलं. थंडीत अंधारात स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेव्हाही काही हजार व्होल्ट असतात. हे कळल्यावर मगच स्टुलावर चढायचं. आणि घरी प्लगशी खेळ करायचा नाही, हे त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेते.

पावसाळ्यात हे यंत्र आमची परीक्षा बघतं. समुद्रावरची दमट हवा, पट्ट्यावर ओलाव्याचा थर, सगळा भार साठायच्या आधीच गळून जातो. जून ते सप्टेंबर मी पट्ट्याला हेअर ड्रायर मारते, घुमट स्पिरिटने पुसते, खोलीतला एसी तासभर आधी लावते. तरी काही दिवशी नाहीच होत. त्या दिवशी मी पोरांना सांगते की होत नाहीये आणि का होत नाहीये ते आपण शोधू.

थंडीत मात्र हवा कोरडी असते. यंत्र झकास चालतं. माझी चूक थंडीतली आहे.

डेमोला एक मूल लागतं. "कोण येणार?" म्हटलं की पन्नास हात वर. आम्हाला शिकवलेलं होतं की केस मोकळे, धुतलेले, थोडे लांब असलेलं मूल निवडायचं. तेल असेल तर होत नाही. यात खोटं काही नाही. तेलाने केस एकमेकांना चिकटतात, जड होतात, वर उठायला भार पुरत नाही. दोन वेण्या घट्ट घालून रिबिनीने वर बांधल्या असतील तर प्रश्नच मिटला. म्हणून मी डोळ्यांनी चाळून बरोबर मूल काढायचे. कित्येक वर्षं काढलं. हातखंडा झाला होता.

एका डिसेंबरात आटपाडीच्या बाजूची शाळा आली होती. मी शेजारच्या माण तालुक्यातली, त्यामुळे बोली ऐकल्याबरोबर कान टवकारले. पहिल्या रांगेत एक सातवीतली मुलगी होती. प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर आधी. भार समान असला की दूर ढकलतो हे तिनेच सांगितलं. मी विचारलं, "कोण येणार?" ती हात वर करून अर्धी उठलीच. चप्प बसवलेले केस, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी म्हटलं, "तुला तेल आहे गं, नाही होणार," आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीला बोलावलं. तिचे केस सुंदर उभे राहिले. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

पोरं बाहेर पडत होती तेव्हा ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "मॅडम, केस धुऊन आलं तर हुईल का?"

मी म्हटलं, "होईल की." तेव्हा मी हसलेसुद्धा. मग ती गेली. चार वाजता त्यांची गाडी सुटली आणि मग मला कळलं की तिने काय विचारलं होतं. ती कुठून केस धुऊन येणार होती? रात्रभर प्रवास करून आलेली, त्याच रात्री परत जाणारी. सहलीला जायचं म्हणून आदल्या दिवशी आईने मुद्दाम चापून तेल लावून वेण्या घातल्या असणार. माझी आई तेच करायची. नीटनेटकं दिसावं म्हणून. आणि शाळेचाही तोच नियम.

त्या संध्याकाळी मी मोबाईलमधले डेमोचे जुने फोटो काढून बसले. केस उभे राहिलेली, हसणारी मुलं, एकामागून एक. सगळ्यांचे केस शाम्पू केलेले. बहुतेक सगळी मुंबईतल्या इंग्रजी शाळांमधली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी एकही नव्हती. एकही. त्या शाळा येत नव्हत्या असं नव्हतं. येत होत्या, खाली बसून टाळ्या वाजवत होत्या. मी कुणालाही मुद्दाम वगळलं नव्हतं, फक्त जे चालेल ते मूल निवडत होते.

काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केसच कशाला पाहिजेत? पतंगाचा कागद घे."

मकर संक्रांतीला शिल्लक राहिलेला पतंगाचा कागद त्यांच्या खणात होता. त्याच्या बोटाच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या, वीसेक पट्ट्या तांब्याच्या जाड तारेच्या टोकाला बांधून झुपका केला. मूल प्लास्टिकच्या स्टुलावर चढतं, एक हात घुमटावर, दुसऱ्या हातात ती तार. मोटर सुरू केली की झुपका हळूहळू फुलतो आणि छत्रीसारखा उघडतो. भार त्या मुलाच्या अंगातूनच तारेत आणि कागदात गेलेला असतो. म्हणजे दाखवायचं होतं ते सगळं दिसतं. उलट जास्त दिसतं, कारण स्वतःचे उभे राहिलेले केस मुलाला स्वतःला कधी दिसत नव्हते. झुपका त्याला डोळ्यांसमोर दिसतो, आणि दुसऱ्या मुलाने जवळ बोट नेलं की पट्ट्या त्या बोटाकडे वळतात. आता मी मूल निवडत नाही. चिठ्ठ्या काढते. ज्याची निघेल ते.

एवढं साधं होतं. कित्येक सहली तशाच गेल्या.

सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम, म्हणजे सगळं हाताळून बघायचं विज्ञान संग्रहालय, 1969 साली फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं, अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ. राजकीय कारणांवरून विद्यापीठातली नोकरी गेल्यावर ते कोलोरॅडोत गुरं पाळत होते आणि पुढे तिथल्या छोट्या गावातल्या शाळेत शिकवायला लागले. पोरांना घेऊन ते भंगाराच्या ढिगावर जायचे, मोडक्या यंत्रांचे भाग उघडून बघायला. हाताने करून बघायच्या संग्रहालयाची कल्पना जगभर त्यांच्यामुळे पसरली. आपल्याकडे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली. इमारतीचं नाव पुलस्त्य. अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. मी बीएस्सीला असताना एकदा तिथे गेले होते. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पूल त्रिकोणांचे का असतात ते मला फिजिक्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी, काडेपेटीच्या काड्यांवरून कळलं. काही अडलं की आधी घरातल्या सामानात शोधायचं ही सवय तिथून लागली.

झिरमिळ्यांचा प्रयोग त्या सवयीतूनच आमच्या बसमध्ये आला. आमची एक फिरती बस आहे. वर्षातून काही आठवडे मी तिच्याबरोबर जाते, जव्हार, मोखाडा, पोलादपूर, जिथे शाळा बोलावतील तिथे. ही पद्धत आपल्या देशात जुनी आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयाने 1965 सालीच बसमध्ये प्रदर्शन घालून ते गावोगाव न्यायला सुरुवात केली. शाळेच्या पटांगणात बस लावायची, दोन्ही अंगांची शटर उघडायची, शाळेतून वायर ओढायची. संध्याकाळी दुर्बीण. गुरूचे चार चंद्र एका रेषेत बघून मोखाड्याला एक आजोबा म्हणाले होते, "म्हंजी त्येला बी पोरंबाळं हायत." शाळेत रात्री थांबतो तेव्हा गावातली माणसं अशी येतात, लेकरांना कडेवर घेऊन. मला मुंबईतल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा या रात्री आवडतात.

पण बसमध्ये व्हॅन डी ग्राफ नेता येत नाही. खड्ड्यांत पट्टा सुटतो, रूळ हलतात, आणि कित्येकदा वीजच नसते. म्हणून पीव्हीसी पाइप, इलेक्ट्रिशियन वापरतात तो, दोन फुटांचा. आधी प्लास्टिकच्या स्ट्रॉने करायचो, पण 2018 सालच्या बंदीनंतर स्ट्रॉ मिळेनात, आणि पाइप त्याहून बरा निघाला. घासायला लोकर लागते. स्वेटरवर अवलंबून राहता येत नाही, त्यात लोकर कमी आणि दुसरंच काही जास्त असतं. एकदा गावी गेले होते तेव्हा आजोबांची घोंगडी वळचणीला पडलेली दिसली. धनगरांनी विणलेली, काळी, तोंडाला टोचणारी. जुनी, कडेला कुरतडलेली. आजीला विचारून एक हातभर तुकडा कापून आणला. पीव्हीसीला त्याच्याइतकं दुसरं काही मानवत नाही.

झिरमिळीच्या सहा पट्ट्या एकत्र घ्यायच्या, दोन्ही टोकांना गाठ मारायची, जादा कापून टाकायचं. पाइप घोंगडीवर दहा-बारा वेळा जोरात घासायचा. मग झिरमिळी वरून सोडायची. ती आधी धावत येऊन पाइपला चिकटते. क्षणभरच. आणि मग झटकून वर उडते, फुगून गोल होते आणि तरंगत राहते. पाइप खाली धरून तिला हवेत कुठेही नेता येतं. चिकटल्यावर तिला पाइपचाच भार मिळाला, समान झाला, म्हणून दूर. स्वतःच्या सहा पट्ट्यांतही तोच भार, म्हणून त्या एकमेकींपासूनही दूर, म्हणून गोल. जव्हारच्या एका पोराने याला "आधी गळाभेट, मग भांडण" म्हटलं होतं. मी आता तेच वापरते, त्याचं नाव न घेता, पण "तुमच्याच वयाच्या एकाने सांगितलंय" असं म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत मोखाड्याच्या बाजूच्या आश्रमशाळेत होतो. सगळ्या मुलींना तेल, दोन वेण्या. पाइप आणि घोंगडी मी त्यांच्याच हातात दिली आणि बाजूला झाले. बराच वेळ जमेना. झिरमिळी चिकटायची आणि चिकटूनच राहायची. पाइपला हाताचा घाम लागत होता. एकीच्या ते लक्षात आलं, तिने पाइप फ्रॉकच्या घेराने कोरडा केला, टोकाला धरला आणि परत घासला. झिरमिळी उडाली. ती मुलगी काही बोलली नाही. पाइप वर धरून, मान वर करून चालायला लागली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, झिरमिळी तिच्या पुढे पुढे. मागे अख्खा वर्ग, आवाज न करता, कारण बोललं की श्वासाने ती हलते हे त्यांना आपोआप कळलं होतं. त्यांच्या मागे स्वयंपाकाच्या मावशी, हातात पळी तशीच. पायऱ्या उतरून ती पटांगणात गेली आणि तिथे वाऱ्याने झिरमिळी उचलली, वर नेली आणि शेवग्याच्या फांदीला अडकवली. उन्हात चमकत राहिली.

सगळ्यांनी वर बघितलं आणि मग सगळे हात माझ्याकडे आले. माझ्या डब्यात तीनच उरल्या होत्या.